कानानं मॅच बघणारा माणूस

चहाचा कप हातात आला की मॅनेजर आधी त्याला टिचकी मारायचे. खणकन वाजला तर चहा प्यायचा, बद्द वाजला तर कप परत. "वहिनी, ह्येला चीर हाय," एवढंच म्हणायचे. मग मी तो कप उन्हात धरून, चष्मा पुसून, फिरवून फिरवून बघायची. चीर काही दिसायची नाही. पण आठवड्याभरात तो कप फुटायचाच. मला तेव्हा हा मोठा चमत्कार वाटायचा. आता कळतं, की त्यांनी चीर आहे म्हटल्यापासून मी तो कप इतक्या वेळा उलटासुलटा करायची की कधी ना कधी तो माझ्या हातून पडणारच होता.

टिचकी फक्त कपाला नसायची. नारळ, कलिंगड, पाण्याची टाकी, नवीन लावलेलं दार, सगळ्यांना मिळायची. एकदा माझे धाकटे जावई खुर्चीत डुलकी घेत होते, त्यांच्या डोक्यालाही मिळाली. त्याचा निकाल मॅनेजरनी मला एकटीला सांगितला. तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही, मुलीला तर नाहीच.

ही सवय त्यांना फौंड्रीत लागलेली. उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत त्यांचं आयुष्य गेलं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक कास्टिंगवर छोट्या हातोडीनं ठोका मारायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर माल पुढं, बद्द वाजलं तर परत भट्टीत. निवृत्त झाल्यावर हातोडी तिकडंच ठेवावी लागली, बोट मात्र बरोबर आलं. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचे आणि आमच्या पेठेच्या टीमचे मॅनेजर होते.

बाहेरच्या पावण्यांना हे पटवून सांगावं लागतं. त्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती. पण आमच्याकडं पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलची टीम असते. हंगाम सुरू झाला की सख्खे साडू एकमेकांशी बोलायचे थांबतात. अशा गावात टीमचा मॅनेजर हा माणूस किती मोठा, ते समजून घ्या. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. बाकी भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मॅनेजरच म्हणायचे.

माझा आणि फुटबॉलचा संबंध म्हणाल तर वैराचा. आमचे हे जिवंत असताना मी फुटबॉलला सवत म्हणायचे. मॅचच्या दिवशी मुद्दाम यांना आवडणारं काहीतरी करायचे, आणि ते गार झाल्यावर मोठ्यानं भांडी आदळायचे. "बावीस बाप्ये आन एक चेंडू! एकेकाला एकेक घिऊन द्या की!" हा माझा विनोद. तो मी वर्षानुवर्षं केला आणि दर वेळी एकटीच हसले. हे गेले, आणि नंतर मी सवतीच्याच मांडीवर जाऊन बसले. तेव्हा मी साठी नुकतीच ओलांडली होती, म्हणजे तशी अल्लडच होते.

मॅनेजरांची खेळाडू पारखायची रीत जगावेगळी. सकाळी सराव चालू झाला की ते मैदानाकडं पाठ करून, डोळे मिटून उभे राहायचे. एकेक पोरगा बॉल मारायचा. मॅनेजर फक्त ऐकायचे. "ह्यो खणखणीत हाय." "ह्यो बद्द वाजालाय, बसवा बाहेर." कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणी रात्री प्यायलाय, कुणाला ताप भरलाय, ते सगळं त्यांना म्हणे बुटाच्या आवाजात कळायचं. स्टेडियमवरच्या आमच्या गॅलरीत त्यांनी हलगी बंद केली. का, तर बॉल ऐकू येत नाही. कोल्हापुरात हलगीशिवाय मॅच म्हणजे मिठाशिवाय रस्सा. पेठ चिडली, पण मॅनेजरांपुढं बोलणार कोण? मग लोक तालमीच्या कट्ट्यावर बोलायचे. तालीम आमच्या दाराच्या समोरच, त्यामुळं माझ्या खिडकीत सगळं फुकट ऐकायला मिळायचं.

कट्ट्यावर दोन पुढारी. एक रिक्षावाला, एक सलूनवाला. त्या हंगामात दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून चालायचं, आमचा नऊ नंबर.

"संपला त्यो," रिक्षावाला जाहीर करायचा. "निम्मा हंगाम सरला, गोल कुठाय? गोलपोस्ट समोर दिसला की पाव्हण्याच्या दारात उभारल्यागत उभारतोय."

"फॉर्म गेलाय लेका त्येचा. यील की परत."

"केस हाय व्हय फॉर्म म्हंजे, कापला की परत यायला? तुझ्या दुकानातला न्याव लावू नको हितं."

"आन तुझ्या रिक्षाचा लाव. धक्का मारल्याबिगर चालू हुईना, तरी इकत न्हाईस न्हवं?"

नऊ नंबर हा पेठेतलाच. त्याची आई गल्लीच्या तोंडाला खाणावळ चालवते, एकटीच्या हातावर पोराला वाढवलेलं. लहानपणी गल्लीत हा प्लॅस्टिकची बाटली लाथाडत होता, मॅनेजर पाठमोरे चालले होते. बाटलीचा आवाज ऐकून ते वळले आणि त्याला धरूनच तालमीत घेऊन गेले. त्या हंगामात गोव्याच्या एका क्लबानं त्याला चाचणीला बोलावलं होतं. हंगाम संपला की जायचं ठरलेलं. खाणावळीतल्या भाकऱ्यांतून सुटायचा त्या मायलेकरांना तेवढाच एक रस्ता होता. आणि गोल होत नव्हते.

त्याच हंगामात एका दुपारी मॅनेजर माझ्याकडं चहाला बसले होते. त्यांनी कपाला टिचकी मारली, बशी हातात घेतली आणि चहा बशीच्या शेजारी ओतला, नीट, सावकाश, थेंब न सांडता सगळा ट्रेमध्ये. मग रिकामी बशी तोंडाला लावून फुर्र केलं. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टेत मी कुणाला हार जात नाही. मी विचारलं, "साखर बरोबर हाय न्हवं?"

"जरा जास्त झालीया," ते म्हणाले.

ते हसत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तेव्हा माझं हसू जागच्या जागी विरलं.

काचबिंदू होता. कडेचं सगळं गेलेलं. "नळीतनं बघितल्यागत दिसतंय वहिनी. आन नळी बी बारीक व्हायला लागलीया." डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येत नाही. ओळखीच्या रस्त्यानं ते सवयीनं चालायचे, ओळखीच्या माणसाला आवाजावरून हाक मारायचे. खालीवर करताना जिना पाठ होता. पण मैदान पाठ करता येत नाही.

"पेठंला सांगा की," मी म्हटलं.

"सांगितलं की शाल घालतील, फोटू काढतील आन घरी बसवतील. मला शाल नको. मला ह्यो हंगाम पायजे. टीम जमलीया, वहिनी. कप ह्याच पोरांच्या पायात हाय. लाईनीवर उभं ऱ्हाऊन त्यो घेतला, की मग मी सौताच्या पायानं घरी जातो."

मग त्यांनी मला जे विचारलं, ते विचारायला दुसरं कुठलंही शहाणं माणूस मिळालं असतं. पण डोळस आणि तोंड बंद ठेवणारं असं त्यांना म्हणे मीच दिसले. यावरूनच नजर किती गेली होती ते कळावं.

गॅलरीच्या पहिल्या पायरीवर, जाळीच्या अगदी मागं मी बसायचं. मॅनेजर जाळीला पाठ लावून लाईनीवर उभे. मी बघायचं आणि त्यांच्या पाठीला सांगायचं. लोकांना काय सांगायचं? मॅनेजर म्हणाले, "शकुन म्हनून सांगू. वहिनी मागं बसल्या की टीम जिंकती." आणि पेठेनं ते डोळे झाकून मान्य केलं. हा माणूस आंधळा होतोय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, पण एक म्हातारी मागं बसली की गोल होतो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना पटलं. माझी जागा राखून ठेवली जायला लागली. सलूनवाल्यानं मला बसायला उशी आणून दिली. एकदा मला यायला उशीर झाला, तर रिक्षावाला दारात हजर. "आज्जी, पोळी तव्यावर असू दे, न्हाईतर काय बी असू दे, आधी बसा!" मी उलथनं हातात घेऊनच स्टेडियमवर गेले.

पेठेत कुजबूजही झाली. एक विधवा, एक बिनलग्नाचा, आणि दोघं मॅचला बरोबर! मला फार बरं वाटलं. त्या वयात माणूस कुजबुजीच्या लायकीचं समजलं जाणं ही काही लहान गोष्ट नाही. मी दोन नव्या साड्या काढल्या.

आता माझी कॉमेंट्री ऐका.

"वहिनी, बॉल कुठाय?"

"त्या उंच पोराकडं."

"कुठल्या उंच?"

"त्येची आय न्हाय का आमच्या भिशीत, डाव्या गालावर मस असलेली..."

"बॉल!"

"गेला की पलीकडं. एका केस पिवळे केलेल्याकडं. शोभत न्हाईत त्येला."

"आपला का त्येंचा?"

"केस?"

मॅनेजरांच्या पाठीवर घाम फुटायचा. पण आठवड्याआठवड्यानं मी शिकत गेले. नंबर वाचायला लागले, डावा-उजवा सांगायला लागले, ऑफसाइडवर मतसुद्धा देऊ लागले, तेही ऑफसाइड म्हणजे काय हे न कळता. मॅनेजर माझं ऐकायचे, बॉलचा आवाज ऐकायचे, आणि दोन्ही मिळून निर्णय घ्यायचे. आम्ही जिंकत गेलो. शकुन पक्का झाला.

एकदा मी घोटाळा केला. आमचा डावा बॅक पाय ओढत चालताना दिसला. "लंगडालाय!" मी ओरडले. मॅनेजरनी तिथल्या तिथं त्याला बाहेर घेतला. पोरगा बाहेर येऊन चिडून बूट काढतोय, तर आतून खडा पडला. मी तोंडावर पदर घेतला. नशीब असं, की बदली आलेल्या पोरानंच नंतर गोल केला. मग काय विचारता! कट्ट्यावर आठवडाभर तोच विषय. "डाव बघितलासा का मॅनेजरचा? बॅक काढून फारवर्ड टाकला! युरोपात बी असला डाव कुणी टाकत न्हाय!" मी खिडकीत बसून भाजी निवडत ऐकत होते. एका खड्यातून एवढं डावपेचशास्त्र निघालं.

मॅनेजर मात्र हसले नाहीत. रात्री जेवणाचा डबा द्यायला वर गेले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुम्ही नंबर सांगा, जागा सांगा. पाय कसा पडतोय त्ये मी ऐकतो. त्येवढं माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

त्यांचं बरोबर होतं असंच मला वाटलं.

सेमीफायनल जुन्या वैऱ्याशी, खालच्या पेठेशी. आमच्या गॅलरीत हलगी नाही हे त्यांना माहीत, म्हणून त्यांनी मुद्दाम दुप्पट आणलेल्या. नुसता कडकडाट. मॅनेजर जाळीला पाठ लावून उभे होते, पण त्यांचं डोकं सारखं इकडून तिकडं वळत होतं. हरवलेलं माणूस बाजारात वळतं तसं.

"बॉल कुठाय?"

"नऊकडं. गेला. मागं आलाय."

मध्यंतरानंतर मी नऊ नंबरला बघितलं. तो वाकून गुडघा धरून उभा होता. मी गप्प बसले. पायांचं मी सांगायचं नाही असं ठरलं होतं. तो पळाला, थांबला, परत धरला. लेस बांधायचं निमित्त करून खाली बसला आणि उठताना हात जमिनीवर टेकून उठला. लेस आधीच बांधलेली होती.

"मॅनेजर," मी म्हटलं, "नऊ नंबरचा गुडघा दुखालाय."

"दम खातोय त्यो."

"दम न्हाय. गुडघा. परत धरला बघा."

"वहिनी, काल सकाळी मी ऐकलाय त्येला. खणखणीत हाय."

"काल सकाळचं ऱ्हाऊ द्या की! मी आत्ताचं सांगालोय!"

त्याच वेळी माझ्या मागून रिक्षावाला उठला आणि त्यानं आरोळी ठोकली, "नऊला काढा! मॅनेजर, नऊला काढा!" त्याच्यामागं सगळी गॅलरी. त्यांना गुडघा दिसत नव्हता, गोल होत नाही एवढंच दिसत होतं. पण मागणी तीच होती, माझी आणि त्यांची. मॅनेजर वळले. जाळीतून माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा वर बघितलं. चेहरा लोखंडासारखा झालेला.

"ती म्हंत्यात काढा. तुम्ही म्हंताय काढा. बघनाऱ्यांचं ऐकून मी कवा टीम खेळीवली?"

आणि पाठ फिरवली.

थोड्या वेळानं नऊ नंबरला मोकळा बॉल मिळाला. गोली, म्हणजे गोलकीपर, सोडला तर पुढं कुणी नाही. गॅलरी उठून उभी राहिली, मीही उठले. तो डाव्या पायावर वळला आणि पडला. अंगाला कुणाचा हात लागला नाही, धक्का नाही, काही नाही. वाळत घातलेलं कापड दोरीवरून घसरावं तसा पडला. बॉल एकटाच गोलीच्या हातात गेला. आणि मग त्यानं तोंड उघडलं, पण हलग्यांत किंकाळी ऐकू आली नाही. समोरच्या हलग्या थांबल्या. सगळं स्टेडियम गप्प झालं.

मॅनेजरनी जाळी धरली. "वहिनी, काय झालं? गप का झाली सगळी?"

मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"गोल झाला का? वहिनी, बोला की. गोल झाला का?"

समोरून कुणीतरी ओरडलं, "नाटक करालाय! ऊठ ऊठ!" तेव्हा मॅनेजरना त्या पोराचं कण्हणं ऐकू आलं. ते तसेच लाईन ओलांडून मैदानात निघाले, सरळ, पण नऊ नंबर पडला होता तिथून भलतीकडं, कॉर्नरच्या झेंड्याकडं. लोकांना वाटलं, रागानं निघून चालले. खेळाडूंनी त्यांना धरून आणलं.

आम्ही हरलो. नऊ नंबरच्या गुडघ्यातले दोर तुटले. ऑपरेशन झालं. चालेल म्हणाले. खेळण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. गोव्याहून दुसऱ्या कुणाला तरी बोलावणं गेलं.

मॅचच्या दुसऱ्या सकाळी मॅनेजर तालमीत गेले, मारुतीला हात जोडले आणि तिथल्या मंडळींना म्हणाले, "सोडलं." कुणी कारण विचारायच्या आत माघारी फिरले. जिना चढून वर आले आणि दार लावून घेतलं.

परवा माझी नात मोबाईलवर तावातावानं बोलत होती. कुठल्याशा परदेशी क्लबाचा मॅनेजर गेला होता, त्याला काढलं का तो आपणहून गेला यावर मैत्रिणीशी वाद. ड्रेसिंगरूममध्ये काय झालं, कुणाशी पटत नव्हतं, सगळं तिला माहीत. मी विचारलं, "तू त्येच्या खोलीत हुतीस व्हय?" ती म्हणाली, "आज्जी, सगळ्यांना माहीत आहे गं." मला मॅनेजरनी सोडलं त्या दिवशीचा कट्टा आठवला. तिथंही सगळ्यांना माहीत होतं.

"फोडला त्येला खालच्या पेठंनं," सलूनवाला म्हणाला. हाच तो, जो हंगामभर नऊ नंबरची आणि मॅनेजरांची बाजू घ्यायचा. "न्हाईतर लंगडणारा गडी कोन मैदानात ठेवतंय? सगळी गॅलरी बोंबलालती. आंधळ्याला बी दिसलं असतं!"

"आन आदल्या मॅचला बॅक लंगडला तर झटक्यात काढला," रिक्षावाला म्हणाला. "म्हंजे दिसत हुतं. मुद्दाम ठेवला."

"एवढं पोरगं मारलं..."

"म्या पयल्यापासनं सांगालतो," तिसराच कोणी म्हणाला, "रांडमुंड बाई पाठीमागं बसवली तवाच म्या वळखलं."

उशी आणणारा सलूनवाला यावर काही बोलला नाही. उशी परत मागायलाही कुणी आलं नाही, तेवढं सौजन्य पेठेत शिल्लक होतं.

मी खिडकीतून ओरडणारच होते. मॅनेजर खिडकीलगतच्या जिन्यात उभे होते, त्यांनी माझा दंड पकडला. त्या बोटांत अजून फौंड्री होती.

"सोडा," मी म्हटलं. "गद्दार म्हनालीत तुम्हास्नी. सांगतो मी त्येंना डोळ्यांचं."

"सांगितलं की काय हुईल?"

"गप बसतील."

"गप न्हाय बसायची. हळहळतील. आंधळा हुता बिचारा म्हनतील. डबं आनून देतील. आन पोराचा गुडघा ऱ्हाईल बाजूला. मला त्येंची दया देऊन त्येचा गुडघा झाकायचा न्हाय. म्हनू दे गद्दार."

त्या रात्री कुणीतरी आमच्या दारावर खडूनं लिहून गेलं. सकाळी मी ओलं फडकं घेऊन पुसत होते. वरून आवाज आला, "काय पुसालाय वहिनी?"

"कोळिष्टकं."

"किती अक्षरी?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. "तीन," मी म्हटलं. ते वरच्या पायरीवर बसले आणि माझं पुसणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.

त्यानंतर त्यांचं बाहेर जाणं थांबलं. नजर झपाट्यानं गेली, जणू हंगामापुरतीच राखून ठेवली होती. शेवटी शाहूवाडीकडची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. भाताच्या शेतांमधे घर आहे. पाऊस पडला की छप्पर बद्द वाजतं, असं फोनवर सांगतात. फुटबॉलचं ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. मॅचला मीही जात नाही. पण भाचीकडं जायच्या आधी त्यांना एक काम करायचं होतं, आणि त्या कामाला त्यांना मी लागले.

"पेठंला न्हाय सांगायचं," ते म्हणाले. "पन त्येला सांगायला पायजे. त्येच्या पायाचं कोन धनी हाय, त्ये त्येला कळाय पायजे."

दुपारी आम्ही निघालो. गल्ली लहानच, पण मला ती तेव्हा घाटासारखी वाटली. मॅनेजर माझा पदर दोन बोटांत धरून चालत होते. कट्ट्यावरची बोलणी आम्ही जाताना थांबली आणि पुढं गेल्यावर परत सुरू झाली.

खाणावळीच्या मागच्या खोलीत ती मायलेकरं राहतात. आई चुलीजवळ भाकऱ्या थापत होती. तिनं आम्हाला बघितलं, थापणं थांबवलं, पण 'या' म्हणाली नाही. मग पीठ लागलेल्याच हातानं पाट सरकवला. पोरगा भिंतीकडच्या कॉटवर पाय लांब करून बसला होता. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा आवळलेला. दाढी वाढलेली. मॅनेजर पाटावर बसले. अंधारी खोली, त्यांना काहीच दिसत नसणार.

आईनं चहाचे कप भरले. एक मॅनेजरांच्या हातात दिला, एक मला. तिसरा पोरासाठीचा, तो तिनं दाराजवळची प्लॅस्टिकची खुर्ची जरा ओढून तिच्यावर ठेवला. खुर्ची फरशीवर करकरली. मॅनेजरनी तो आवाज ऐकला आणि तोंड तिकडं वळवलं.

"बाळा," ते त्या खुर्चीला म्हणाले. "मला दिसत न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"हंगामभर दिसत न्हवतं. म्या लपीवलं. कप घेऊन जायचं हुतं मला. तू गुडघा धरलेला ह्या वहिनीस्नी दिसला, त्येंनी मला सांगितलं, दोनदा सांगितलं. म्या न्हाय ऐकलं. म्हटलं, माझा कान..."

कॉटवरून पोरगा बघत होता. आधी त्याला काही उमगेना. मग त्यानं खुर्चीकडं बघितलं, चहाच्या कपाकडं बघितलं, आणि मॅनेजरांच्या तोंडाकडं. त्यानं आम्हा दोघींना हातानं गप्प राहायला खुणावलं. भिंतीला धरून तो उठला. त्याला त्या खुर्चीत जाऊन बसायचं होतं, मॅनेजरना कळायच्या आत. एक पाऊल टाकलं, दुसरा पाय ओढला. एक टाकलं, एक ओढला. दात आवळलेले, श्वास रोखलेला, आवाज होऊ नये म्हणून.

मॅनेजर बोलायचे थांबले. मान किंचित कलली. त्यांनी डोळे मिटले.

पोरगा खुर्चीपर्यंत पोहोचला. कप उचलून हातात धरला, बसला. "बोला की मॅनेजर," तो म्हणाला. "ऐकालोय मी."



"टाच टेकत न्हाय तुझी," मॅनेजर म्हणाले.

"टेकंल. फिजिओ म्हंतोय टेकंल. रिक्षावाला आलता, सलूनवाला आलता, सगळी येऊन गेली. सगळी म्हंत्यात, पुढच्या हंगामाला लाईनीवर यील."

"न्हाय टेकायची," मॅनेजर म्हणाले. "खेळापुरती न्हाय."

आई चुलीकडं वळली. मला वाटलं, आता हा पोरगा हातातला कप फेकून मारणार, आणि मी तरी त्याला अडवणार नव्हते. पण त्यानं कप फरशीवर ठेवला, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडला. ऑपरेशनला रडला नव्हता म्हणे, गोव्याचा फोन आला तेव्हाही नाही. मॅनेजर तसेच बसून होते, चहा गार होत चाललेला, डोळे मिटलेले, एकही आवाज चुकू नये असे.

रडून झाल्यावर त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मग आता काय करू मी?" त्यानं विचारलं.

याचं उत्तर पेठेत प्रत्येकाकडं होतं.

"मला न्हाय म्हाईत, बाळा," मॅनेजर म्हणाले.

चुलीजवळ आईनं पिठाचा गोळा घेतला आणि थापायला सुरुवात केली.